भूक आणणारें झाड आणि शेताचा बांध

माण तालुक्यांत आणि शेजारच्या आटपाडी भागांत गेल्या कांहीं वर्षांपासून एक बातमी कर्णोपकर्णीं पसरली आहे. ती अशी कीं, कर्करोगाच्या औषधोपचारामुळें ज्या दुखणाइतास अन्नाचा वाससुद्धां सहन होत नाहीं व प्यालेलें पाणीही उलटून पडतें, त्यास भांग अथवा गांजा बेतानें दिला असतां मळमळ थांबते व भूक लागते. सांगणारा कोणी मोबाइलवर पाहिलेल्या चित्रफितीचा हवाला देतो, कोणी परदेशांत असलेल्या पुतण्याचा, तर कोणी शिखर शिंगणापूरच्या वाटेवर भेटलेल्या एखाद्या बुवाचा. आमच्या सभासदांपैकीं ज्यांच्या घरीं असें दुखणें आलें आहे, त्यांतील कांहींनीं हा विषय आमच्यापाशीं काढला, व एकदोघांनीं तर बांधावर दोन झाडें लावलीं तर चालतील काय, असेंही विचारलें. हा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे असें समजून पुष्कळ लोक गप्प बसतात. परंतु या गप्प बसण्यानें एकीकडे रोगी उपाशी राहतो आणि दुसरीकडे सबंध घर तुरुंगाच्या वाटेला लागण्याचा संभव असतो. यास्तव या बातमींत खरें किती व खोटें किती, हें येथें उघड मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, ही बातमी अगदींच निराधार नाहीं. आपल्या वैद्यकांत या वनस्पतीस विजया असें नांव आहे. सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या भावप्रकाश ग्रंथांत तिचे गुण सांगतांना ती अग्नि वाढविणारी, अन्न पचविणारी व मळ बांधून धरणारी म्हणून वर्णिली आहे. त्याबरोबरच ती मोह व मद आणणारी आहे, हें सांगण्यासही ग्रंथकार विसरलेला नाहीं. जुने वैद्य भांग कच्ची कधींच देत नसत. पानें भिजवून, धुऊन, वाळवून तीं गाईच्या तुपांत मंदाग्नीवर भाजावयाचीं किंवा बाभळीच्या सालीच्या काढ्यांत उकळावयाचीं, असा शोधनाचा विधि असे. ग्रहणी व अतिसार यांवर वैद्य देतात त्या जातीफलादि चूर्णांत अशी शोधलेली भांग असते. या विधीमागील एक कारण आतां रसायनशास्त्रानें उलगडलें आहे. कच्च्या पानांतील मुख्य सत्त्व जणूं निजलेलें असतें. उष्णता लागली म्हणजे तें जागें होतें, आणि तें पाण्यांत न विरघळतां तूपतेलांत विरघळतें. तुपांत भाजणाऱ्या वैद्यानें हें रसायन वाचलें नव्हतें, पण हाताला गुण आलेला त्यास ठाऊक होता.

पाश्चात्य वैद्यकांत हें औषध गेलें तें आपल्याच देशांतून. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील रसायनशास्त्राचे अध्यापक डॉक्टर विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनीं येथील वैद्य-हकिमांकडून माहिती घेऊन आधीं जनावरांवर व मग रोग्यांवर गांजाच्या अर्काचे प्रयोग केले, आणि १८३९ सालीं त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. धनुर्वात, संधिवात, पटकी अशा दुखण्यांत त्यांनीं हा अर्क दिला. कांहीं रोग्यांस औषधानंतर सपाटून भूक लागल्याचें त्यांनीं नोंदविलें आहे. (पुढें हिंदुस्थानांत तारायंत्राचें जाळें पसरविणारे ते हेच ओशॉनेसी होत.) त्यानंतर हा अर्क विलायतेच्या औषधिकोशांत गेला आणि बरींच वर्षें टिकला. परंतु दर बाटलीचा जोर निराळा निघे. एका रोग्यास कांहींच होऊं नये आणि दुसऱ्यास त्याच मात्रेनें भ्रम व्हावा, असा प्रकार चाले. खात्रीचीं दुसरीं औषधें निघाल्यावर १९३२ सालीं ब्रिटिश औषधिकोशांतून तो गाळण्यांत आला. मात्रेचा हा भरंवसा नसणें, हाच या सर्व विषयाचा खिळा आहे. त्याकडे पुढें पुन्हां वळूं.

आमच्या वाचकांपैकीं वयोवृद्धांस गांजाचें पीक ही अघटित गोष्ट वाटणार नाहीं. इंग्रजी अमदानींत परवाना घेऊन तें काढीत असत, आणि मुंबई इलाख्यांत त्याचें मुख्य ठाणें अहमदनगर, म्हणजे आतांचा अहिल्यानगर, हा जिल्हा होता. १८९३ सालीं सरकारनें या अंमली पदार्थांच्या चौकशीसाठीं मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालीं सात जणांचें कमिशन नेमिलें. त्यानें देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या व १८९४ सालीं सात खंडांचा अहवाल दिला. बेताच्या सेवनापासून बहुधा फारसा अपाय होत नाहीं, अतिसेवन मात्र शरीर व मन दोहोंस घातक आहे, आणि सरसकट बंदीपेक्षां नियंत्रण बरें, असा त्याचा निष्कर्ष होता. याच अहवालांत बैलांच्या औषधोपचारांत भांग-गांजा वापरण्याची चाल देशांत पुष्कळ ठिकाणीं असल्याचें नमूद आहे. खिलारांच्या या मुलखांत ती चाल होती असें ज्यांनीं ऐकलें असेल, त्यांनीं ती आतां चालवूं नये. जनावराचा रवंथ थांबला तर पशुवैद्यास बोलवावें. बंगालमध्यें राजशाही जिल्ह्यांत नौगांव येथें तर गांजा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनीं १९१७ सालीं आपली सहकारी सोसायटी काढली होती. आमच्या मंडळासारख्या मंडळांस ही हकीकत मौजेची वाटेल. या झाडांत नर व मादी निराळीं असतात. नर झाडें वेळींच उपटून टाकलीं म्हणजे मादीच्या तुऱ्यांत बीं न धरतां चिकट राळ भरते, आणि जो कांहीं गुण किंवा अवगुण आहे तो त्या राळेंत असतो.

येथें नांवांच्या घोटाळ्याबद्दल चार शब्द सांगणें इष्ट आहे. इंग्रजींत ज्यास हेंप म्हणतात त्या नांवाखालीं आपल्याकडील ताग येतो, अंबाडीही येते आणि गांजाचें झाडही येतें. ताग ही शेंगवर्गीय वनस्पति. अंबाडी भेंडीच्या कुळांतली. अंबाडीचें पान पांच बोटांच्या पंजासारखें असल्यामुळें शास्त्रज्ञांनीं तिचें नांवच गांजाच्या नांवावरून ठेविलें. त्या साम्यावरून कोणी उपद्व्यापी माणूस शेजाऱ्याच्या अंबाडीकडे बोट दाखवूं शकेल. परंतु अंबाडीची भाजी खाऊन आजवर कोणास नशा आली नाहीं व येणार नाहीं. तसेंच भांगेच्या झाडाचें बीं निराळें आणि पाला निराळा. बियांत तेल व प्रथिनें असतात. २०२१ च्या नोव्हेंबरांत अन्नसुरक्षा प्राधिकरणानें तें बीं, त्याचें तेल व पीठ यांस मर्यादा घालून खाद्य म्हणून मान्यता दिली. तें पौष्टिक असेल, पण त्यानें उलटी थांबत नाहीं.

आतां आधुनिक वैद्यक काय म्हणतें तें पाहूं. १९६४ सालीं इस्राएलमधील राफाएल मेशुलाम व येहिएल गाओनी या शास्त्रज्ञांनीं गांजांतील नशा आणणारें मुख्य सत्त्व शुद्ध स्वरूपांत निराळें केलें. त्यास संक्षेपानें टीएचसी म्हणतात. पुढें असें आढळलें कीं, माणसाच्या मेंदूंत या सत्त्वाच्या किल्लीस बसणारीं कुलुपें मुळांतच आहेत, आणि शरीर स्वतःही तशा जातीची किल्ली घडवितें. १९९२ सालीं सांपडलेल्या त्या शरीरांतर्गत द्रव्यास संशोधकांनीं आपल्या आनंद या शब्दावरून आनंदामाइड असें नांव दिलें. हीं कुलुपें उलटीचा हुकूम देणाऱ्या मेंदूच्या भागांत आहेत, तशींच भुकेच्या व चवीच्या भागांतही आहेत. म्हणून एकाच सत्त्वानें ओकारी दबते, अन्नाचा वास बरा वाटूं लागतो आणि हात ताटाकडे जातो. याचा उलट पुरावाही मिळाला. हीं कुलुपें बंद ठेवणारें एक औषध वजन घटविण्यासाठीं २००६ सालीं युरोपांत निघालें. त्यानें भूक कमी झाली खरी, पण माणसें उदास होऊन जीव नकोसा करूं लागलीं, आणि २००८ सालीं तें मागें घ्यावें लागलें.

कर्करोगाच्या औषधांनीं होणाऱ्या उलटीवर टीएचसी उपयोगी पडतें, हें १९७५ सालीं अमेरिकेंतील डॉक्टरांनीं रोग्यांवर पद्धतशीर चांचणी घेऊन दाखविलें. १९८५ सालीं त्या सरकारनें याच सत्त्वाची कृत्रिम गोळी, ड्रोनाबिनॉल नांवाची, उलटीसाठीं मंजूर केली. आणि १९९२ सालीं एड्सच्या रोग्यांची भूक मरून देह झडतो त्यावरही ती मंजूर झाली. तेव्हां गांजांत औषध आहे काय, या प्रश्नास आहे असेंच उत्तर दिलें पाहिजे. जे लोक हें केवळ व्यसनी माणसांचें निमित्त म्हणून हंसण्यावारी नेतात, त्यांच्याशीं आम्ही सहमत नाहीं.

परंतु औषध असणें निराळें आणि सर्वांत चांगलें औषध असणें निराळें. १९७५ सालीं उलटीवर चांगलीं औषधें नव्हतींच म्हटलें तरी चालेल. त्या मानानें टीएचसी मोठें वाटलें. १९९१ पासून ऑन्डान्सेट्रॉन व त्या जातीचीं दुसरीं औषधें आलीं. तीं नशा आणीत नाहींत, त्यांची मात्रा ठरलेली आहे, आणि आज तीं आपल्या तालुक्याच्या औषधी दुकानांतही मिळतात. म्हणून ज्या देशांत ड्रोनाबिनॉल मिळतें तेथेंही नेहमींचीं औषधें हरलीं तरच डॉक्टर त्याकडे वळतात. आमच्या भागांतील पुष्कळ रोगी मुंबईच्या टाटा रुग्णालयांत जातात. १९४१ सालीं स्थापन झालेल्या त्या संस्थेंतील डॉक्टरांनीं ओलान्झापीन नांवाच्या जुन्या व स्वस्त गोळीचा अभ्यास केला. केमोनंतरच्या मळमळीवर तिची १० मिलिग्रॅमची मात्रा वापरीत, पण तीनें रोगी दिवसभर पेंगतो. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत २.५ मिलिग्रॅम, म्हणजे चौथाई मात्रा, तितकीच गुणकारी ठरली व पेंग पुष्कळ कमी झाली. मुंबईंत, आपल्याच लोकांवर झालेलें हें काम मोबाइलवरील दहा चित्रफितींपेक्षां आम्हांस अधिक मोलाचें वाटतें.

भुकेच्या बाबतींत तर गांजाचा पक्ष आणखी लंगडा आहे. कर्करोगानें भूक गेलेल्या रोग्यांवर अमेरिकेंत झालेल्या व २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चांचणींत एका गटास ड्रोनाबिनॉल व दुसऱ्यास मेजेस्ट्रॉल नांवाचें दुसरें औषध दिलें. मेजेस्ट्रॉल घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ७५ जणांस भूक सुधारल्याचें वाटलें. ड्रोनाबिनॉल घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ४९ जणांस. वजन दहा टक्के वा त्याहून अधिक वाढलेले पहिल्या गटांत शेंकडा ११ होते व दुसऱ्यांत अवघे ३. मेजेस्ट्रॉलनेंही रक्ताच्या गुठळ्या होण्याचें भय असतें, म्हणून तेंही मनानें घेण्याचें औषध नव्हे. सांगण्याचें तात्पर्य इतकेंच कीं, गांजा दिला म्हणजे रोग्याच्या अंगावर मांस चढेल, अशी जी आशा दाखविली जाते, तिला आधार फार थोडा आहे.

आणि आतां त्या खिळ्याकडे वळूं. ड्रोनाबिनॉलची नेहमींची गोळी २.५ मिलिग्रॅमची असते. आपल्या शाळवाचा एक दाणा सुमारें ३० मिलिग्रॅम भरतो. म्हणजे एका दाण्याचे बारा तुकडे करावे व त्यांतील एक द्यावा, इतकी ती मात्रा झाली. गांजाच्या शेंड्यांत टीएचसीचें प्रमाण कधीं शेंकडा दोन-तीन, तर कधीं पंधराच्याही वर असतें. जात, पाणी, ऊन, तोडणीची वेळ, नर झाडें राखलीं कीं काढलीं, यांवर तें बदलतें. समजा, एका चिमटींत ३०० मिलिग्रॅम पाला आला. शेंकडा तीनचा असेल तर त्यांत ९ मिलिग्रॅम सत्त्व. शेंकडा पंधराचा असेल तर ४५. एक चिमूट म्हणजे साडेतीनच्या वर गोळ्या होतील किंवा अठरा होतील, आणि घरांतल्या माणसास यांतील कोणती चिमूट आपल्या हातीं आहे हें कळण्याचा मार्ग नाहीं. एकाच वाफ्यांतलीं दोन कणसें सारखीं भरत नाहींत, हें ज्यास ठाऊक आहे त्या शेतकऱ्यास हें अधिक समजावून सांगणें नलगे.

यांत आणखी एक फसगत आहे. ओढलेल्या धुराचा परिणाम कांहीं मिनिटांत दिसतो, पण खाल्लेल्या भांगेचा दिसण्यास तास-दोन तास लागतात. अर्ध्या तासांत कांहीं होत नाहीं असें पाहून घरचीं माणसें दुसरी गोळी देतात, आणि मग दोन्ही मिळून चढतात. म्हाताऱ्या माणसास त्यानें भ्रम होतो, उठतांना रक्तदाब उतरून तें पडतें, छाती धडधडते. हृदयविकार असेल तर जिवावर बेतूं शकतें. ज्यांच्या घराण्यांत वेडाचें दुखणें आहे त्यांनीं तर या वाटेस जाऊंच नये. गरोदर स्त्रीच्या मळमळीवर भांग देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो साफ झिडकारावा. त्यानें गर्भाची वाढ खुंटते. लहान मुलांसही देऊं नये. रोग्यास चिलीम देण्याचा विचार तर मनांतही आणूं नये. ज्याच्या रक्तांतील रोगप्रतिकाराची शक्ति केमोनें आधींच खालावली आहे, त्याच्या फुप्फुसांत बुरशी धरलेल्या पाल्याचा धूर घालणें म्हणजे एक दुखणें काढून दुसरें आंत घेणें होय.

या औषधाचा सर्वांत विलक्षण अवगुण २००४ सालीं ऑस्ट्रेलियांतील डॉक्टरांनीं प्रथम नीट वर्णिला. वर्षानुवर्षें रोज गांजा ओढणाऱ्या कांहीं लोकांस थांबून थांबून भयंकर उलट्यांचे झटके येतात. उलटीवरील नेहमींचीं औषधें त्यांस लागूं पडत नाहींत. कढत पाण्यानें स्नान केलें म्हणजे तेवढ्यापुरतें बरें वाटतें, म्हणून हे लोक दिवसांतून अनेक वेळां न्हात बसतात. गांजा सोडला तरच तें थांबतें. जें झाड उलटी थांबवितें तेंच दीर्घ सेवनानें उलटी सुरू करतें. आपल्या गांवांत एखादा चिलीमबहाद्दर पोट धरून वारंवार ओकत असेल व पुनःपुन्हां ऊनऊन पाणी अंगावर घेत असेल, तर त्याच्या घरच्यांनीं ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर अवश्य घालावी.

येथवर वैद्यकाचा विचार झाला. आतां कायद्याचा विचार, आणि हा भाग खातेदारांनीं सावकाश वाचावा, कारण महसुली खात्यांत आयुष्य घालविल्यामुळें आम्हांस त्यांतील खांचखळगे थोडेफार परिचयाचे आहेत. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वयें औषधाव्यतिरिक्त गांजाचा वापर पंचवीस वर्षांत बंद करण्याचें ठरलें होतें. त्यानुसार आपल्या देशांत अंमली पदार्थांचा कायदा १९८५ सालीं झाला व त्याच वर्षीं १४ नोव्हेंबरपासून अमलांत आला. या कायद्यांत गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळांचे शेंडे. शेंड्यांवांचून नुसतीं पानें व बीं त्या व्याख्येंत येत नाहींत. पण त्यामुळें पानें मोकळीं झालीं असें कोणी समजूं नये. पानांची भांग परवान्यावांचून बाळगणें महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानें मना आहे. आणि लागवडीस तर पानें-शेंडे हा भेद मुळींच नाहीं. परवानगीवांचून झाड लावणें हाच गुन्हा असून कलम २० अन्वयें त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. तयार गांजा बाळगण्यांत एक किलोपर्यंत व वीस किलोंवर अशा पायऱ्या आहेत; दोन झाडें लावलीं कीं दोनशें, अशी पायरी लागवडीच्या कलमांत नाहीं. आरोपीस गुन्ह्याची जाणीव होती असें कोर्ट प्रथम धरून चालतें; ती नव्हती हें आरोपीनें सिद्ध करावयाचें असतें.

कलम ४६ हें तर खास जमीनधारकांसाठीं आहे. आपल्या जमिनींत दुसऱ्या कोणी बेकायदा हें पीक केलें असलें तरी धारकानें तात्काळ पोलिसांस किंवा संबंधित अधिकाऱ्यास कळविलें पाहिजे. जाणूनबुजून न कळविणारा धारकही शिक्षेस पात्र होतो. कलम ४७ प्रमाणें हेंच कर्तव्य सरपंच, पंच व गांवच्या सर्व कामगारांवर आहे. मका, ऊस अशा उंच पिकांत दडविलेलीं झाडें पोलिसांस सांपडल्याचीं वर्तमानें पश्चिम महाराष्ट्रांत वरचेवर येतात. ज्यांनीं जमीन वाट्यानें दिली आहे व जे स्वतः पुण्यामुंबईस नोकरीवर असतात, त्यांनीं निदान सुगीपूर्वीं एकदां बांधावरून फिरावें. कांहीं संशयास्पद आढळल्यास झाड स्वतः उपटून जाळण्याची घाई न करितां लेखी अर्ज द्यावा व त्याच्या प्रतीवर पोंच घ्यावी. अर्जांत गट नंबर, वाटेकऱ्याचें नांव व पाहिल्याची तारीख असावी. गांवचे तलाठी, ज्यांस २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांसही एक प्रत द्यावी. तोंडी सांगितलें होतें, या वाक्याची किंमत पुढें शून्य होते, हें आम्हीं पुष्कळ प्रकरणांत पाहिलें आहे.

माणगंगेच्या कांठचा एक खातेदार आमच्याकडे आला होता. म्हणाला, "भाऊसाहेब, केमो करून आणल्यापास्नं आई अन्नाला शिवत न्हाई. परड्यात दोन झाडं लावली तर सरकारचं काय जातंय?" आम्हीं त्यास त्याचाच सातबारा काढावयास लाविला. वारसाच्या नोंदीनें त्यावर त्याचें, दोन भावांचें, एका बहिणीचें व खुद्द आईचें नांव होतें. आम्हीं म्हटलें, "बाबा, पंचनामा झाला तर पहिला प्रश्न हा उतारा पाहून विचारतील. यांतलं कोणाचं नांव वगळायला सांगशील?" तो बराच वेळ उताऱ्याकडे पाहत राहिला. मग औषधांची चौकशी केली, तेव्हां असें निघालें कीं, उलटीवरची गोळी तो आईस उलटी झाल्यावर देत होता. डॉक्टरांनीं ती केमोनंतर चार दिवस वेळच्या वेळीं, उलटी होवो न होवो, घेण्यास लिहून दिली होती. पण चिठ्ठी इंग्रजींत, आणि गोळी महाग असेल म्हणून तो जपून वापरीत होता. त्यानें दुसऱ्याच दिवशीं डॉक्टरांस फोन केला. गोळ्यांच्या वेळा मराठींत लिहून भिंतीस लावल्या. पुढच्या खेपेस उलट्या दोनतीनवर आल्या, आणि त्या माउलीनें तिसऱ्या दिवशीं वाटीभर माडगें घेतलें.

ही चूक एकट्या त्याचीच नव्हे. पुष्कळ केमोच्या औषधांची उलटी दोन टप्प्यांनीं येते; एक त्याच दिवशीं, आणि दुसरी चोवीस तासांनंतर, जी चार-पांच दिवस टिकते. पहिली रुग्णालयांत सुईनें आवरतात. दुसरी सुरू होते तेव्हां आमचा रोगी मुंबईहून एस. टी.नें म्हसवडास किंवा दहिवडीस पोंचलेला असतो. म्हणून दुसऱ्या टप्प्याच्या गोळ्या निघतांनाच बरोबर घ्याव्या व त्या केव्हां द्यावयाच्या हें नर्सबाईंकडून दोनदां विचारून घ्यावें.

ज्यांस विजयेचेंच औषध करून पाहावयाचें आहे त्यांस कायदेशीर मार्ग अगदींच बंद नाहीं. भांग ही औषधद्रव्यांच्या १९४५ च्या नियमांतील आयुर्वेदीय विषारी द्रव्यांच्या यादींत आहे. म्हणजे ती वापरण्यास मनाई नसून वैद्याच्या देखरेखीचें बंधन आहे. आयुष परवान्याखालीं तयार झालेलीं विजयायुक्त औषधें नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात. त्यांवर परवान्याचा नंबर, घटकांचें प्रमाण व मुदत छापलेली असते; हें नसलेली बाटली, ती कितीही गोड बोलून दिलेली असो, घरांत आणूं नये. वैद्यानें दिलेलें हें औषध कर्करोगाच्या डॉक्टरांपासून लपवूं नये. विजयेचें सत्त्व यकृतांतून जातें, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या व इतर कांहीं औषधांशीं त्याचा झगडा होतो.

राहिला प्रश्न पीक म्हणून लागवडीचा. २ डिसेंबर २०२० रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आयोगांत गांजास अत्यंत घातक पदार्थांच्या चौथ्या यादींतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनीं संमत झाला व भारतानें बाजूनें मत दिलें. तेव्हांपासून हें पीक आतां मोकळें होणार, एकरीं लाखोंनीं उत्पन्न होणार, अशीं भाषणें ऐकूं येतात. त्या ठरावानें आपला कायदा बदललेला नाहीं, आणि कडक नियंत्रणाच्या पहिल्या यादींत गांजा अद्याप आहेच. कलम १४ खालीं सूत व बियांसाठीं लागवडीस परवानगी देतां येते; उत्तराखंडानें २०१८ पासून तशी वाट काढली, व तेथें झाडांत टीएचसी शेंकडा ०.३ पेक्षां कमी असावें लागतें. अशा झाडापासून दोर होतील, तेल निघेल. भुकेचें औषध निघणार नाहीं. जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेंत औषधी जातींवर काम चाललें आहे. आमचें स्वतःचें मत असें कीं, मध्यप्रदेश व राजस्थानांत सरकार जशी अफू परवान्यानें मोजून घेतें, तसें कधीं काळीं या औषधासाठीं करणें अशक्य नाहीं, आणि झालें तर कमी पाण्याच्या मुलखाचा विचार प्रथम व्हावा. तोंपर्यंत बियाणें व परवाना दोन्ही मिळवून देतों म्हणून जो कोणी आगाऊ रक्कम मागेल, त्यास दारांतूनच परत पाठवावें.

आतां भुकेसाठीं घरीं काय करतां येईल, तें थोडक्यांत सांगतों, कारण ज्यांच्या घरीं दुखणें आहे त्यांस हेंच प्रथम हवें असतें. केमोच्या रोग्यापुढें भरलेलें ताट ठेवूं नये. दर दोन तासांनीं अर्धी वाटी द्यावें. कढत अन्नाच्या वाफेनें मळमळ वाढते, म्हणून अन्न निववून द्यावें व फोडणी रोग्यापासून दूर, दार लावून करावी. आमच्याकडील हुलग्याचें पातळ माडगें, ज्वारीची आंबील, भाताची पेज, मुगाचें कढण हीं सोसतात. आल्याचा तुकडा किंवा लिंबाची फोड मीठ लावून चोखण्यास द्यावी. तोंड आलें असेल तर लिंबू टाळावें. आटपाडीकडील डाळिंबें घरोघर असतात. तीं नीट धुऊन दाणे घरींच सोलावे, बाजारांतील उघडा रस आणूं नये. जेवतांना पुष्कळ पाणी पाजूं नये, मधल्या वेळीं घोटघोट द्यावें. जबरदस्ती करूं नये. आग्रहानें घातलेला घांस बहुधा परत येतो व त्या पदार्थाचा कायमचा वीट बसतो.

दर आठवड्यास एकाच दिवशीं, एकाच कांट्यावर वजन घेऊन वहींत लिहावें. उलटी कितीदां झाली, गोळीनंतर किती वेळानें झाली, लघवी किती वेळां झाली, हेंही लिहावें. चोवीस तासांत पाणीसुद्धां टिकलें नाहीं, लघवी अगदीं कमी होऊन लाल झाली, ताप आला किंवा रोगी बडबडूं लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहतां त्याच दिवशीं जवळच्या रुग्णालयांत न्यावें व ती वही बरोबर ठेवावी.